कोपराची उंची

परबमामांना नवीन माणूस भेटला की ते त्याच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी कोपराकडे. समोरचा हात जोडून नमस्कार करत असायचा आणि मामा मनातल्या मनात माप घेत असायचे. ओळखदेख व्हायच्या आत सांगून मोकळे, "तुमचं कोपर साडेत्रेचाळीसला आहे. उंच आहात हो!" आमच्या ह्यांना पहिल्या भेटीत अस्संच म्हणाले. हे घरी येऊन दोन दिवस आरशापुढे हात वाकवून उभे. "अगं, ह्यात चांगलं काय, वाईट काय, ते तरी विचार त्यांना!"

चांगलंवाईट काही नव्हतं. मामा जन्माचे फिटर. उभं आयुष्य व्हाइससमोर गेलं. व्हाइस म्हणजे टेबलाच्या कडेला बोल्टने पक्का बसवलेला लोखंडी जबडा. त्यात वस्तू आवळून धरायची आणि मग कापा, घासा, काय हवं ते करा. हा व्हाइस किती उंचीवर असावा याचं फिटर लोकांचं एक जुनं माप आहे. त्याच्यासमोर ताठ उभं राहायचं, कोपर जबड्यावर टेकवायचं, मूठ वर करायची. मूठ बरोबर हनुवटीखाली आली की उंची बरोबर. व्हाइस उंच झाला तर खांदे भरून येतात, बुटका झाला तर कंबर जाते. म्हणजे प्रत्येक व्हाइस एकाच माणसाच्या मापाचा, चपलेसारखा. मामांना माणसं दिसायचीच मुळी अशी, की ह्याचा व्हाइस कितीवर बसेल.

त्यांचं स्वतःचं कोपर जमिनीपासून बेचाळीस इंचांवर. माझं साडेएकोणचाळीसला. हे आकडे लक्षात ठेवा, मला तर ते विसरता येत नाहीत.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत परचेसला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी समजूत होती. टूलरूमला सहा व्हाइस हवे होते. मी तीन कोटेशनं मागवली, छान तक्ता केला, सगळ्यांत स्वस्त माल निवडला. साहेबांनी पाठ थोपटली. व्हाइस आले ते निळेशार, चकचकीत दांड्यांचे, बघत राहावं असे. पण मी ते बघितलेसुद्धा नव्हते. चलनावर सही ठोकली आणि चहा प्यायला गेले.

तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकाचा जबडा आवळता आवळता मुळापासून तुटला. आत धरलेला पोलादी ठोकळा सुटून परबमामांच्या डाव्या अंगठ्यावर पडला. नख गेलं. टोक चेपलं ते कायमचं. पुढे जन्मभर तो अंगठा चमच्यासारखा चपटा राहिला.

चार दिवसांनी हाताला पट्टी बांधलेला एक उंच, सावळा माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. तुटका जबडा त्याने माझ्या उघड्या फायलीवर ठेवला. मला वाटलं, संपलं, आता हा सगळ्या ऑफिससमोर माझी शोभा करणार.

"मॅडम, इथे बघा," ते हळू आवाजात म्हणाले. "हे तुटलेलं तोंड. आत भोकंच भोकं आहेत, इडलीसारखी. वरून लांबी, म्हणजे पुट्टी हो, भरलीय आणि तिच्यावर रंग."

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हटलं, आणि बया, तिथेच रडायला लागले.

"रडताय कशाला? अंगठा माझा गेलाय. तुम्ही कागद बघितलात. कागद खरा होता, लोखंड खोटं होतं. यापुढे आधी हात लावायचा, मग सही करायची. बस."

बस म्हणाले आणि गेले. पुढे अपघाताचा फॉर्म माझ्या हातात आला. कारणाच्या रकान्यात मामांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती, 'माझा हात चुकीच्या जागी होता.' मी तरातरा टूलरूममध्ये गेले. म्हटलं, हे असं खोटं का लिहिलंत? माझं नाव वाचवायला?

"खोटं काय त्यात?" मामा म्हणाले. "ठोकळा जिथे पडला तिथे माझा हात होता. ती जागा चुकीचीच की."

हा माणूस तोंडाने खोटं बोलायचा नाही. वेळ आली तर खऱ्याला थोडी कानस मारायचा, एवढंच.

त्यानंतर दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी टूलरूममध्ये जायला लागले. ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, हिला काय तेलाचा वास आवडतो? आवडायचा! मामा मला लोखंड ओळखायला शिकवत होते. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसा व्हाइस किल्लीने वाजवून बघायचा. चिरलेला असेल तर आवाज बसका येतो. अंगावरून लोहचुंबक फिरवायचं; लांबीचा जाड थर असेल तिथे ते निसटतं. जबड्यांच्या दोन्ही टोकांना कागदाचे कपटे धरायचे आणि ओढून बघायचे. एक सुटला, एक नाही, तर जबडे सरळ मिटत नाहीत. आणि शेवटी तो पुरता उघडायचा, पुढचा भाग खाली मान टाकतो का बघायला.

"मिटलेला असताना सगळेच सरळ दिसतात," मामा म्हणायचे. "पुरता उघडल्यावर बघायचं. माणूस पण."

पापडाची परीक्षा मात्र फिटरची असायची, व्हाइसची नाही. नवा गडी आला की मामा डब्यातला भाजलेला पापड काढून द्यायचे. तो व्हाइसमध्ये उभा धरून दाखवायचा. पडता कामा नये, मोडता कामा नये. दंड दाखवत आलेले भलेभले तिथे पापडासकट चूर व्हायचे. "आवळायला काय, गाढव पण आवळील," मामा तुकडे खात खात म्हणायचे. "किती आवळायचं ते कळलं की झाला फिटर." मी हट्टाने ती परीक्षा दिली आणि सतरा पापड मोडले. अठरावा उभा राहिला तेव्हा टूलरूममध्ये टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी मामींनी, म्हणजे मामांच्या बायकोने, माझ्यासाठी डब्यातून घावणे पाठवले आणि वर निरोप, पोरीला सांगा, आता पापड आम्हाला खाऊ दे.

एक सवय तर मी लग्नाच्या वाढदिवसापेक्षा जास्त निष्ठेने पाळते. काम संपलं की मामा व्हाइसचे जबडे पुरते मिटायचे नाहीत. शेंगदाणा जाईल एवढी फट ठेवायची, दांडा सरळ खाली सोडायचा. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, "रात्रभर दात आवळून झोपलीस तर सकाळी डोकं दुखेल का नाही? मग त्याला तरी कशाला त्रास?"

पुढे कंपनीने वागळे इस्टेटमधून गाशा गुंडाळला. आता तिथे काचेची इमारत आहे. गळ्यात पट्टे घातलेली मुलं खाली उभी राहून कॉफी पितात. निरोपसमारंभात सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलं. मामा म्हणाले, वेळ आता बघायची कुणाला, माझा व्हाइस द्या, टेबलासकट. साहेबांनी दिला. टेम्पो शिळफाट्याला बंद पडला. टेबल टेम्पो दुरुस्त झाल्यावर मागून येऊ दे म्हणाले, पण व्हाइस रस्त्यात सोडून जायला मामा तयार होईनात. बोल्ट काढले, वीस-बावीस किलोंचं ते धूड उचललं आणि डोंबिवलीच्या शेअर रिक्षात सीटवर ठेवलं.

"काका, ये एक सीट है के दो?" रिक्षावाल्याने विचारलं.

"एकच. आणि तो कुणाच्या अंगावर रेलत नाही. माझ्यापेक्षा बरा पॅसेंजर आहे."

ठाकुर्लीला मामांचं घर जुन्या दुमजली इमारतीत तळाला होतं. पुढच्या गॅलरीत टेबल लागलं आणि पंधरा वर्षं त्या गल्लीतलं एकही कुकरचं हँडल, एकही छत्रीची काडी, एकही वाकलेली किल्ली वाया गेली नाही. अट एकच. वस्तू ठेवून निघून जायचं नाही, उभं राहून बघायचं. कॉलेजच्या मुली, दूधवाला, वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर, सगळे तिथे ओळीने उभे राहून आपापल्या कुकरांचं ऑपरेशन बघायचे.

मग मीही, पुढच्या कंपनीतून, निवृत्त झाले. चौतीस वर्षं कानशी, करवती, ड्रिलं ढिगांनी विकत घेतली आणि हाताने एक खिळा घडवला नाही, हे मनाला टोचत होतं. ठरवलं, पितळी पत्र्यातून अक्षरं कापून घरांच्या पाट्या करायच्या. डोंबिवलीत माझं घर तळमजल्याला आहे, मागे पत्र्याची पडवी. फक्त व्हाइस हवा होता. निवडून द्यायला माणूस तर एकच! मी ठाकुर्लीला गेले.

घरात खोके बांधलेले दिसले. इमारत पाडून टॉवर होणार होता, दसऱ्यानंतर घरं रिकामी करायची होती. मामा-मामी घोडबंदर रोडला मुलाकडे, प्रकाशकडे जाणार होते, आठव्या मजल्यावर. आणि मामांचा उजवा हात थरथरत होता. मांडीवर नुसता ठेवला तरी आपला हलतोय. माझी नजर गेलेली बघून म्हणाले, "डॉक्टरने इंग्रजी नाव सांगितलंय. मी म्हणतो, हात आता आपणहून कानस मारतो. एवढी वर्षं मी त्याला सांगायचो."

मी गॅलरीत बघितलं. व्हाइस जागेवर होता, शेंगदाण्याची फट ठेवून.

"ह्याचं काय करणार, मामा?"

"बघू," ते म्हणाले आणि चहा आण गो, म्हणून आत हाक मारली.

स्वयंपाकघरात मामींनी मला दंडाला धरून हळूच सांगितलं. "प्रकाशच्या सोसायटीत ठोकाठोक चालणा नाय. तो बिचारा चार वेळा कमिटीकडे जाऊन आला. परवा भंगारवाला येऊन हलवून बघून गेला. तेव्हापासून ह्यांचं जेवणात लक्ष नाही बघ."

वाटलं, आत्ता बाहेर जावं आणि म्हणावं, मामा, मला द्या. पण जीभ उचलेना. हयात माणसाची हातची वस्तू मागायची कशी? म्हणतील, झालं, हिनेपण मला मोडीत काढलं. मी चहाचे कप उचलून बाहेर नेले. चहा संपल्यावर मामा म्हणाले, "चल, बाजारातून तुला निवडून देतो. खंडेनवमीला तुझ्याकडे व्हाइस बसलेला पाहिजे. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, टेबल रिकामं नको."

आमचे शनिवार पुन्हा सुरू झाले. पहिल्या शनिवारी कल्याण. मामांनी खिशातून मामींच्या फ्रिजवरचा मोदकाच्या आकाराचा मॅग्नेट काढला आणि एका लालभडक व्हाइसवर लावला. मोदक घसरगुंडी करत थेट खाली. दुकानदार म्हणाला, "काका, त्याची पॉवर गेली असेल." मामांनी मोदक उचलून दुकानाच्या शटरवर लावला. तो तिथे घट्ट बसला. दुकानदाराने मग आमच्याकडे बघणंच सोडून दिलं.

दुसऱ्या शनिवारी डोंबिवली. दुकानात एक तरतरीत पोरगी होती, मोबाईलच पुढे केला. "आजोबा, ऑनलाइन चारशे रिव्ह्यू आहेत याचे. साडेचार स्टार!"

"चारशे जणांनी घेतला हे कळलं गो," मामा म्हणाले. "आवळला किती जणांनी?"

ती हसली, मीही हसले. कागदाचे कपटे लावले, डावा सुटला. नापास.

तिसऱ्या शनिवारी ठाणे. स्टेशनापासून आत एका बोळात जुनं दुकान, मागच्या फळीवर एक व्हाइस धूळ खात पडलेला. करडा, बिनचमकीचा. मामांनी किल्लीने वाजवला, खणखणीत. मोदक चारही बाजूंनी चिकटला. दोन्ही कपटे फाटले पण सुटले नाहीत. पुरता उघडला, मान ताठ. मला आनंद झाला. खंडेनवमीला चार दिवस होते. मी पर्स उघडली.

"नको," मामा म्हणाले.

"का?"

"रंग बरा नाही."

आता माझं डोकं फिरलं. माझा राग म्हणजे दुधासारखा, एकदा वर आला की गॅस बंद करेपर्यंत अर्धा बाहेर. "रंग? मामा, रंग? जन्मभर मला सांगितलंत रंगाकडे बघू नको म्हणून! तीन शनिवार पायपीट केली. घ्यायचा नव्हता तर आधी बोलायचं होतं!" बोळातली माणसं थांबून बघायला लागली. मामा पायरी उतरले आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

मी पाठोपाठ गेले. त्यांच्या हातात कपबशी होती आणि कप बशीवर टकटक वाजत होता. राग होता तिथेच विरला. मी शेजारी बसले.

"मामा, खरं सांगा. काय झालं?"

त्यांनी कपबशी समोरच्या टेबलावर ठेवली. "खोटी तपासणी केली मी आज," म्हणाले. "माल चांगला होता. उत्तम होता. मी नापास केला. एवढ्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं."

"पण का?"

"तू तो घेतला असतास तर माझा गेलाच होता भंगारात."

"मग मला घे म्हणायचं की! मी त्या दिवसापासून..."

"म्हटलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," ते म्हणाले, आणि डावा हात, तो चपटा अंगठा, त्यांनी टेबलावर माझ्यासमोर ठेवला. "ह्याच्याकडे बघून. तशी दिलेली वस्तू कोपऱ्यात पडून राहते, सुलभा. लोक तिच्यावर पिशव्या अडकवतात. त्यापेक्षा भंगार बरं, निदान वितळून दुसरं काहीतरी होतं."

माझे डोळे भरून आले. कारण खरं होतं ते. इतकी वर्षं मी त्या अंगठ्याकडे बघूनच त्यांच्याशी बोलत आले होते. पण मला काही केल्या त्यांना त्या भंगारवाल्याच्या हातगाडीपाशी सोडायचं नव्हतं. मी मोदक त्यांच्या खिशातून काढून घेतला.

"उठा. आधी दुकानात जाऊन खरं सांगायचं. मग ठाकुर्लीला. तुमचा व्हाइस मी तपासणार. पास झाला तर घेईन. नाही तर सोमवारी इथे येऊन हाच करडा घेऊन जाईन. अंगठ्याची शपथ."

मामा दुकानात गेले आणि हात जोडून दुकानदाराला म्हणाले, "शेठ, मघाशी मी चुकीचं बोललो. तुमचा माल एक नंबर आहे. गिऱ्हाईक आलं तर बिनधास्त द्या." दुकानदार आमच्याकडे वेड्यासारखा बघत राहिला.

ठाकुर्लीला पोचलो तेव्हा संध्याकाळ झालेली. मामी दारात उभ्या. मी सरळ गॅलरीत गेले आणि सुरुवात केली. किल्ली वाजवली, आवाज स्वच्छ. मोदक चिकटला. पुरता उघडला, मान ताठ. मामा दाराच्या चौकटीला टेकून बघत होते, शाळेत निकालाला आलेल्या बापासारखे. मी दोन कपटे धरले आणि आवळलं. डावा घट्ट. उजवा अलगद माझ्या हातात आला.

सोडून द्यावं असं क्षणभर मनात आलं, कोण बघतंय! मग मामांकडे बघितलं आणि कपटा वर धरला.

"उजवीकडे सुटतोय. नापास."

मामी म्हणाल्या, "अगो बाय!" आणि तोंडावर हात ठेवला. मामा पुढे आले. परत कपटा लावला, परत आवळलं, परत सुटला. वाकून जबड्याच्या पट्टीवरून चपटा अंगठा फिरवला, आणि तो माणूस हसायला लागला. मोठमोठ्याने. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"झिजलाय गो! सगळी बारीक कामं मी उजव्या कोपऱ्यात धरली. मला कधी दिसलंच नाही!" मग मामींकडे वळून म्हणाले, "बघितलंस? माझाच व्हाइस माझ्या तोंडावर नापास केला पोरीने."

"जबड्याच्या पट्ट्या बदला, मग घेते," मी म्हटलं. आवाज अगदी परचेसचा काढला.

दोन दिवस मामा वागळे इस्टेटच्या फेऱ्या मारत होते. तिथे अजून एका जुन्या सोबत्याचा गाळा आहे. पोलादाच्या नव्या पट्ट्या करून घेतल्या, स्वतः बसवल्या. खंडेनवमीला सकाळी टेम्पोतून टेबल आणि व्हाइस माझ्या पडवीत आले, मागून रिक्षातून मामा-मामी. मी कपटे लावून ओढले. दोन्ही फाटले. पास.

मग मामांनी मला व्हाइससमोर उभं केलं. कोपर टेकवलं, मूठ वर केली. मूठ थेट नाकावर.

"अडीच इंच," ते म्हणाले आणि पिशवीतून करवत काढली.

"अहो, पाय कापू नका! मी पाट घेईन ना पायाखाली!"

"पाटावर बसून जेवतात. काम जमिनीवर उभं राहून करायचं."

"पण मग ते तुमच्या मापाचं राहणार नाही."

"नाहीच राहणार," मामा म्हणाले आणि टेबल आडवं करायला लावलं.

करवत हातात घेतली आणि तो उजवा हात थांबला. थरथर गेली. मी डोळ्यांनी बघितलं. सागाचे चारही पाय त्यांनी कापले, मध्ये बसत, दम घेत, पाणी पीत. मदत करू दिली नाही. दुपार उलटली. टेबल उभं केलं, माझी मूठ हनुवटीखाली अलगद येऊन बसली. मग त्यांनी स्वतः कोपर टेकवून बघितलं. चांगलंच वाकावं लागलं. "बघ गो," मामींना म्हणाले, "आता माका वाकुक लागता." हसत म्हणाले. मामी मात्र पदराला डोळे पुसत आत गेल्या, आणि मीही हळदीकुंकू आणायच्या निमित्ताने त्यांच्या मागे गेले.

झेंडूची माळ घातली, निरांजन ओवाळलं. नंतर मामांनी पायांचे कापलेले चार ठोकळे माझ्यापुढे ठेवले. "हे तुझं पहिलं काम. प्रत्येकात मधोमध खाच मार. दीड इंच चौकोनी, अर्धा इंच खोल."

"कशाला?"

"मापात कर. कशाला ते कळेल."

आठवडा गेला मला त्या चार खाचांना. ते बघायला आले, आत अंगठा फिरवला आणि एक परत दिला. "ह्या कोपऱ्यात केसभर उंच आहे." मला काही दिसेना. पण पटाशी लावली आणि खरंच भुसा निघाला. चारही पास झाले तेव्हा पिशवीत घालून घेऊन गेले. दिवाळीच्या आधी ते घोडबंदर रोडला राहायला गेले.

मामा पुढच्या श्रावणात गेले. निरोप मिळाला तेव्हा मी पडवीतच होते. हातातलं काम सोडवलं, फट ठेवली, दांडा खाली सोडला आणि मग रडले. पण गेलेले मामा मला आठवत नाहीत. आठवतात ते संक्रांतीचे.

संक्रांतीला मी तिळगूळ आणि माझी पहिली पाटी घेऊन त्यांच्याकडे गेले होते. 'परब', पितळेत कापलेली तीनच अक्षरं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास बसून आठव्या मजल्यावर पोचले. मामींनी दार उघडलं आणि ओठावर बोट ठेवून आतल्या खोलीकडे खूण केली.

मामा खिडकीपाशी बसले होते, पाठमोरे. डावं कोपर खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेलं, मूठ बरोबर हनुवटीखाली. उजवा हात मांडीवर हलत होता, त्याला हलू दिलेलं. बाहेर नुसत्या इमारती आणि त्यांच्यामागे डोंगराची एक कड. वागळे इस्टेट तिथून दिसत नाही, पण तोंड त्या बाजूला होतं.

"कट्टा दोन इंच उंच पडत होता," मान न वळवता ते म्हणाले. मी आल्याचं त्यांना कसं कळलं कोण जाणे. "आता बरोबर आहे."

मी खाली बघितलं. ठाकुर्लीची जुनी लाकडी खुर्ची होती, आणि तिचे चारही पाय माझ्या खाचांत बसलेले होते. मी तिथेच फरशीवर बसले आणि एकेक ठोकळा हलवून बघितला. एकही हलत नव्हता.